रेणूंच्या मापाने मोजलेली छिद्रे

झिओलाइटच्या स्फटिकातले छिद्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसणार नाही. त्याची रुंदी साधारण ०.३ ते ०.८ नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तरीही खनिज तेलाच्या शुद्धीकरणापासून कपडे धुण्याच्या पावडरपर्यंत कितीतरी उद्योग या छिद्रांवर उभे आहेत. छिद्र दहा टक्क्यांनी लहान-मोठे झाले, तरी कोणता रेणू आत शिरेल आणि कोणता दारातूनच परतेल हे बदलून जाते. त्यामुळे छिद्रे नेमकी केवढी, किती आणि कशी जोडलेली, हे कळल्याशिवाय असा पदार्थ वापरता येत नाही. मात्र तिथे लावायला पट्टी नाही. आत कोणता रेणू पाठवला, किती तापमानाला पाठवला आणि हाती आलेल्या आकड्यांना कोणते गणित लावले, यावर उत्तर ठरते. छिद्राच्या मोजमापाविषयी जे काही पुढे सांगायचे आहे, ते सारे या एका गोष्टीतून निघते.

महाराष्ट्राला झिओलाइट अनोळखी नाही. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपलेल्या खनिजयुक्त गरम पाण्यातून त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट यांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या दगडखाणींत आणि विहिरींच्या खोदकामात ते आजही सापडतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने मांडलेले आहेत. पण काळ्या दगडातल्या त्या मुठीएवढ्या पोकळ्या वेगळ्या. इथे विषय आहे तो पोकळीत वाढलेल्या स्फटिकाच्या अंतर्भागातल्या छिद्रांचा.

ती छिद्रे आहेत याचा पहिला सुगावा लागला तो उष्णतेमुळे. १७५६ साली स्वीडनमधले खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेड्रिक क्रोन्स्टेट यांनी असे एक खनिज तापवले, तर ते उकळल्यासारखे फसफसले आणि त्यातून वाफ निघाली. त्यावरूनच त्यांनी या खनिजांना झिओलाइट हे नाव दिले. पाणी निघून गेले तरी स्फटिकाचा सांगाडा बहुधा ढासळत नाही आणि पाणी मिळताच तो ते पुन्हा घेतो. म्हणजे पाण्याला राहायला आत आधीपासूनच जागा असली पाहिजे.

ही जागा कशी बनते ते सांगाड्याच्या रचनेतून कळते. सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा अणू मध्ये आणि चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन, असे चतुष्फलक कोपरे वाटून घेत एकमेकांना जोडले जातात. त्यातून कडी तयार होतात, आणि ही कडी म्हणजेच छिद्रांची दारे. आठ चतुष्फलकांच्या कड्याचे दार सुमारे ०.४ नॅनोमीटरचे, दहाचे ०.५५च्या आसपासचे आणि बाराचे ०.७४पर्यंतचे. जिथे सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण प्रभार जास्त होतो. त्याची भरपाई सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे आयन करतात. हे आयन छिद्रांच्या आत, कधी तर थेट दारात बसतात. ‘ए’ जातीच्या झिओलाइटमध्ये सोडियम असेल तर दार सुमारे ०.४ नॅनोमीटर, पोटॅशियम घातला तर तो मोठा आयन दार अडवतो आणि ते ०.३वर येते. कॅल्शियमवर दोन धन प्रभार असल्यामुळे निम्म्याच आयनांत काम भागते, बरीच दारे मोकळी होतात आणि माप ०.५च्या जवळ जाते. बाजारात ‘३ए’, ‘४ए’ आणि ‘५ए’ या नावांनी मिळतात त्या चाळण्या याच. सांगाडा तिघांचा एकच.

हा सांगाडा वाचण्याचे पहिले साधन म्हणजे क्ष-किरणांचे विवर्तन. लायनस पॉलिंग यांनी १९३० साली नॅट्रोलाइटची रचना त्यानेच उलगडली. स्फटिकातल्या प्रत्येक अणूची जागा कळली की दाराच्या आमनेसामनेच्या दोन ऑक्सिजन अणूंच्या केंद्रांमधले अंतर काढता येते. त्यातून ऑक्सिजनचा व्यास, ०.२७ नॅनोमीटर, वजा केला की दाराची मोकळी रुंदी मिळते. आज अडीचशेहून अधिक वेगवेगळ्या सांगाड्यांची नोंद झालेली आहे. प्रत्येकाला तीन अक्षरी संकेत आहे आणि कोष्टकात दाराचे माप शतांश नॅनोमीटरपर्यंत दिलेले असते.

इतके असताना पुढच्या खटाटोपाची गरज काय, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की हे माप आदर्श स्फटिकाचे आहे. हातातल्या पुडीत काय आहे ते त्यावरून कळेलच असे नाही. स्फटिक बनवताना वापरलेला सेंद्रिय पदार्थ आत अडकून राहिलेला असू शकतो. भट्टीत तापवताना एखादा भाग कोसळून त्याची अस्ताव्यस्त सिलिका झालेली असते. कुठे वाट मध्येच बुजलेली असते. विवर्तनाच्या आलेखात उरलेला चांगला भाग ठळक रेषांनी दिसत राहतो आणि बिघडलेला भाग पार्श्वभूमीत हरवतो. शिवाय ऑक्सिजनचा अणू हा कडक गोळा नव्हे आणि सांगाडा सतत थरथरत असतो. म्हणूनच झेडएसएम-५ या झिओलाइटची दारे कोष्टकात सुमारे ०.५५ नॅनोमीटरची असूनही ०.५८५ नॅनोमीटर मापाचा बेंझीनचा रेणू त्यातून आरामात आत जातो.

तेव्हा रेणूच आत पाठवून पाहणे हा सरळ मार्ग. १९२५ साली व्हायगेल आणि श्टाइनहॉफ यांना दिसले की चॅबॅझाइट हे खनिज काही द्रवांच्या वाफा शोषून घेते आणि काहींना मुळीच घेत नाही. १९३२ साली जेम्स मॅकबेन यांनी अशा पदार्थांना रेणूंची चाळणी म्हटले. पुढे रिचर्ड बॅरर यांनी कोणते रेणू आत जातात यावरून झिओलाइटांचे गटच पाडले. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९-५०च्या सुमारास ‘ए’ आणि ‘एक्स’ हे झिओलाइट प्रयोगशाळेत बनवले, तेव्हा त्यांची ओळख पटवायलाही हीच कसोटी कामी आली. आजही ती चालते. पाणी ०.२६५ नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइड ०.३३, नायट्रोजन ०.३६४, सरळ साखळीचे ब्युटेन ०.४३, फाटा असलेले आयसोब्युटेन ०.५० अशी रेणूंची मापे एका बाजूला मांडायची आणि एकेक आत सोडून पाहायचा. ५एमध्ये सरळ ब्युटेन जाते, आयसोब्युटेन अडते. दार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, असा निष्कर्ष निघतो. कसोटी ढोबळ आहे, पण तिच्यात गणिताची कसलीही भेसळ नाही. त्यामुळे नंतरच्या झकपक उपकरणांच्या काळातही तिचा मान कमी व्हायला नको.

आता त्या उपकरणांकडे वळू. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत वायूच्या अधिशोषणाची. अधिशोषण म्हणजे वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जाणे. आधी नमुना कोरडा आणि रिकामा करावा लागतो. लांब मानेच्या काचेच्या नळीत ग्रॅमच्या एखाद-दोन दशांशांएवढी पूड घेतात आणि निर्वात पंपाला जोडून तापवतात. इथे घाई नडते. एकदम ३५० अंशांवर नेले, तर आतले पाणी वाफ होऊन सांगाड्यावरच हल्ला करते आणि मोजायच्या आधीच नमुना बिघडतो. म्हणून आधी शंभर अंशांखाली बराच वेळ ठेवून बहुतेक पाणी काढतात, मग सावकाश ३५०पर्यंत चढवून रात्रभर तसेच राहू देतात. सकाळी नळी पुन्हा तोलतात. पुढचा प्रत्येक आकडा या कोरड्या वजनाने भागायचा असल्यामुळे इथली चूक शेवटपर्यंत सोबत राहते. झिओलाइट आपल्या ओल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी धरून ठेवू शकतो. ओल्या वजनाने भागले, तर पृष्ठफळ बसल्याजागी पाचव्या हिश्श्याने कमी दिसते.

मग नळीचा फुगा द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला बुडवतात आणि नायट्रोजन वायूचे मोजके घोट आत सोडतात. प्रत्येक घोटानंतर दाब स्थिर होईपर्यंत थांबायचे. सोडलेला वायू किती आणि मोकळ्या जागेत उरलेला किती, यांतला फरक म्हणजे नमुन्याने धरलेला वायू. त्या तापमानाला नायट्रोजन ज्या दाबाला द्रव होतो, त्या संपृक्त दाबाशी प्रत्यक्ष दाबाचे गुणोत्तर आडव्या अक्षावर, धरलेला वायू उभ्या अक्षावर. असा जो आलेख मिळतो त्याला समतापी वक्र म्हणतात. झिओलाइटचा वक्र अगदी सुरुवातीलाच सरळ वर उसळतो आणि मग आडवा पडतो. दाब शून्याजवळ असतानाच छिद्रे भरून गेलेली असतात, हा त्याचा अर्थ. दाब एक कोटीव्या भागाइतका असल्यापासून नोंदी घ्याव्या लागतात, त्यासाठी चांगला निर्वात पंप आणि अतिसूक्ष्म दाब मोजणारा संवेदक लागतो. एका नमुन्याला दीड-दोन दिवस लागणे नवलाचे नाही.

या वक्राच्या आडव्या भागातून सर्वांत विश्वासार्ह आकडा मिळतो, तो छिद्रांच्या एकूण आकारमानाचा. समजा एका ग्रॅम ‘वाय’ झिओलाइटने २२० घन सेंटीमीटर नायट्रोजन वायू घेतला. तेवढाच नायट्रोजन द्रवरूपात किती जागा व्यापेल ते काढायला ०.००१५४७ने गुणायचे. उत्तर ०.३४ घन सेंटीमीटर. त्या ग्रॅमभर पुडीत एवढी मोकळी जागा आहे. आदर्श स्फटिकासाठी अपेक्षित आकारमान माहीत असते. प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच कमी आला, तर काही भाग कोसळला आहे किंवा बुजला आहे असे समजावे. क्ष-किरणांना जे दिसले नव्हते ते इथे उघड होते. अर्थात इतक्या अरुंद जागेत नायट्रोजन खऱ्या द्रवाइतकाच दाटीने बसतो, हे त्यात गृहीत धरलेले आहेच.

अहवालांत मात्र सर्वांत ठळक छापला जातो तो दुसराच आकडा, बीईटी पृष्ठफळाचा. १९३८ साली स्टीफन ब्रूनॉअर, पॉल एमेट आणि एडवर्ड टेलर यांनी ही पद्धत मांडली. अमोनिया बनवण्याच्या लोहयुक्त उत्प्रेरकाला प्रत्यक्षात किती पृष्ठभाग आहे, हा ब्रूनॉअर आणि एमेट यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी असे मानले की वायूचा पहिला थर पृष्ठभागावर बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. दाबासोबत थर कसे वाढतात याचे समीकरण मांडून पहिल्या थरात किती रेणू होते ते काढायचे. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा झाकतो, असे धरून गुणाकार केला की पृष्ठफळ मिळते. सपाट किंवा मोठ्या छिद्रांच्या पदार्थासाठी ही युक्ती उत्तम आहे. ऐंशीहून अधिक वर्षे ती टिकली, याला तेवढेच भक्कम कारण आहे.

झिओलाइटमध्ये मात्र तिचा पायाच निसटतो. ०.७ नॅनोमीटरच्या छिद्रात नायट्रोजनचे जेमतेम दोन रेणू शेजारी मावतात. एक या भिंतीला टेकलेला, दुसरा त्या भिंतीला. तिसऱ्या थराला जागाच नाही. ०.५ नॅनोमीटरच्या वाटेत तर एकच रेणू मावतो आणि तो चहूबाजूंच्या भिंतींना एकाच वेळी टेकलेला असतो. तिथे थर साचत नाहीत, तिथे जागा भरते. तरीही समीकरणात आकडे घातले की सात-आठशे चौरस मीटर प्रतिग्रॅम असे भरघोस उत्तर येतेच, कारण समीकरणाला छिद्र किती अरुंद आहे ते माहीत नसते. शुद्ध आणि अनुप्रयुक्त रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१५च्या शिफारशींत अशा आकड्याला फक्त ‘भासमान’ पृष्ठफळ म्हणावे असे सांगितले आहे. दोन नमुन्यांची तुलना करायला तो चालतो, खरे क्षेत्रफळ म्हणून नव्हे.

त्यात आणखी एक मेख आहे. समीकरण वक्राच्या कोणत्या पट्ट्यावर लावायचे ते माणूस निवडतो. नेहमीचा पट्टा दाब-गुणोत्तर ०.०५ ते ०.३०चा. झिओलाइटमध्ये मात्र छिद्रे त्याच्या कितीतरी आधी भरलेली असतात, म्हणून पट्टा खूप खाली सरकवावा लागतो. तो कसा निवडायचा याचे निकष जाँ रुकरोल आणि सहकाऱ्यांनी घालून दिले आहेत. तरीही हातागणिक फरक पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आधीच मोजलेले १८ समतापी वक्र ६१ प्रयोगशाळांकडे पाठवले होते. मोजमाप सर्वांचे तेच, फक्त पृष्ठफळ तेवढे काढायचे. आलेली उत्तरे एकमेकांपासून फारच दूर होती. उपकरण, नमुना आणि तापमान यांतला फरक आधीच वगळला होता. उरला होता तो फक्त गणित लावणाऱ्याचा निर्णय. एखाद्या नव्या पदार्थाच्या जाहिरातीत हजारो चौरस मीटरचा दावा वाचताना ही पाहणी आठवलेली बरी.

नायट्रोजन सर्वत्र वापरला जातो तो मुख्यतः स्वस्त आणि सहज मिळतो म्हणून. झिओलाइटसाठी तो चांगला साक्षीदार नाही, आणि त्याचे कारण ज्या गुणामुळे झिओलाइटने हजारो रुग्णांना प्राणवायू पुरवला त्याच गुणात आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांमध्ये हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्प बसवले गेले. त्यांच्या टाक्यांत ‘एक्स’ जातीच्या झिओलाइटच्या गोळ्या असतात. दाबाखाली हवा सोडली की नायट्रोजन आत अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर पडतो. ही कामगिरी चाळण्याची नव्हे. ऑक्सिजनचा रेणू ०.३४६ नॅनोमीटरचा, नायट्रोजनचा ०.३६४चा आणि दार ०.७४चे. दोघेही बिनदिक्कत आत जातात. फरक प्रभारांच्या मांडणीत आहे. नायट्रोजनच्या रेणूत विद्युत प्रभार चतुर्ध्रुवी विभागलेला असतो, ऑक्सिजनमध्ये तो गुण फार क्षीण. त्यामुळे छिद्रातले सोडियमचे किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला घट्ट धरतात आणि ऑक्सिजनला सोडून देतात.

रुग्णालयात उपयोगी पडणारी हीच पकड मोजमापात घोटाळा करते. आयनाजवळ आलेला नायट्रोजनचा रेणू आडवा न बसता उभा राहतो, म्हणून तो ०.१६२ चौरस नॅनोमीटर झाकतो हे गृहीतक डळमळते. त्याहून वाईट म्हणजे छिद्र कोणत्या दाबाला भरेल हे रुंदीपेक्षा आयनांच्या ओढीवर ठरू लागते. सारख्याच रुंदीची दोन छिद्रे, एकात आयन जास्त आणि दुसऱ्यात कमी, तर ती वेगवेगळ्या दाबाला भरतात आणि आलेख वाचणाऱ्याला वेगवेगळ्या रुंदीची वाटतात. म्हणून २०१५च्या शिफारशींनी उणे १८६ अंशांना, म्हणजे द्रव आर्गॉनच्या तापमानाला, आर्गॉन वापरावा असे सांगितले. आर्गॉनला चतुर्ध्रुव नाही, तो भिंतीकडे निव्वळ भिंत म्हणून पाहतो. शिवाय नायट्रोजन जी छिद्रे दाबाच्या एक कोटीव्या ते एक लाखाव्या भागात भरतो, ती आर्गॉन एक लाखाव्या ते एक हजाराव्या भागात भरतो. इतक्या वरच्या दाबाला रेणूंची हालचाल जलद होते आणि प्रत्येक बिंदूला तासन् तास थांबावे लागत नाही. द्रव आर्गॉन नायट्रोजनइतका सहज मिळत नाही ही अडचण खरी, पण झिओलाइटच्या छिद्रांचे माप हवे असेल तर तो खर्च टाळू नये.

तापमानाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ४एचे दार सुमारे ०.४ नॅनोमीटरचे, नायट्रोजन ०.३६४चा. खोलीच्या तापमानाला तो आत जातो. उणे १९६ अंशांना मात्र सांगाड्याची थरथर मंदावलेली असते, सोडियमचे आयन दारात ठाण मांडून असतात आणि रेणूकडे अडथळा ओलांडायला पुरेशी ऊर्जा नसते. त्याच तापमानाला किंचित सडपातळ ऑक्सिजन आत शिरतो, नायट्रोजन बाहेर राहतो. अशा नमुन्याचे बीईटी पृष्ठफळ काढले तर ते अगदी क्षुल्लक येते, जणू काही ती साधी वाळूच. तीच पूड पाण्याच्या वाफेत ठेवली तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी पिते. छिद्रे दोन्ही वेळा तीच होती.

भरण्याच्या दाबावरून छिद्रांची रुंदी काढण्यासाठी गणिती प्रतिमाने लागतात. होर्वाथ आणि कावाझोए यांनी १९८३ साली कार्बनमधल्या फटींसाठी एक सूत्र दिले. १९९१ साली सैतो आणि फोली यांनी ते झिओलाइटच्या नळीसारख्या छिद्रांना लागू केले. आता घनता फलन सिद्धांताची पद्धत चालते. नळी, फट किंवा गोल पिंजरा असा आकार आणि भिंतीचे रसायन आधी ठरवायचे, प्रत्येक रुंदीसाठी वायू कसा भरेल याचे वक्र संगणकाने काढायचे आणि मोजलेला वक्र त्यांच्या बेरजेतून जुळवायचा. उत्तर देखणे येते. पण ठरवलेला आकार चुकला तर उत्तरही चुकते, आणि संगणक त्याबद्दल काहीच बोलत नाही. झेडएसएम-५च्या वर्गातल्या, ॲल्युमिनियम जवळजवळ नसलेल्या नमुन्यांत नायट्रोजनचा वक्र दाब-गुणोत्तर ०.१५च्या आसपास एक छोटी पायरी चढतो. बेसावध आज्ञावली तिचा अर्थ दोन नॅनोमीटरच्या आसपासची जास्तीची छिद्रे असा लावते. तशी छिद्रे तिथे नसतात. आधीच आत असलेले नायट्रोजनचे रेणू त्या दाबाला स्वतःची मांडणी बदलून अधिक दाटीने बसतात, एवढेच घडलेले असते.

दोन नॅनोमीटरपर्यंतच्या छिद्रांना सूक्ष्मछिद्रे, दोन ते पन्नासपर्यंतच्यांना मध्यछिद्रे आणि त्यापुढच्यांना स्थूलछिद्रे म्हणतात. मध्यछिद्रांत खेळ बदलतो. तिथे भिंतींवर थर साचतात आणि एका ठरावीक दाबाला मधली उरलेली जागा एकदम द्रवाने भरते. अंतर्वक्र पृष्ठभागावर बाष्पदाब कमी होतो हे केल्विन यांचे सूत्र वापरून त्या दाबावरून रुंदी काढता येते. बॅरेट, जॉयनर आणि हॅलेंडा यांनी १९५१ साली त्यावरून बेतलेली बीजेएच पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक उपकरणात असते. १९९२ साली मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ हा मधमाशीच्या पोळ्यासारख्या सुबक, एकसारख्या मध्यछिद्रांचा सिलिका पदार्थ जाहीर केला. छिद्रे इतकी नियमित की क्ष-किरणांनीही त्यांचे अंतर मोजता येत होते, त्यामुळे जुन्या सूत्राची परीक्षा घेणे शक्य झाले. दहा नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे बीजेएच पद्धत २० ते ३० टक्क्यांनी कमी दाखवते, हे त्यातून पक्के झाले.

भरण्याची आणि रिकामे होण्याची वाट सहसा एक नसते. दाब कमी करताना वायू उशिरा सुटतो आणि वक्रात एक फास तयार होतो. त्याच्या आकारावरून छिद्रांच्या ठेवणीचा अंदाज येतो. उत्प्रेरक म्हणून वापरायच्या ‘वाय’ झिओलाइटला वाफेवर तापवले की थोडे ॲल्युमिनियम निघून जाते आणि स्फटिकाच्या पोटात मध्यछिद्रे कोरली जातात. त्यांतली काही बाहेर उघडतात, काहींची बाहेरची वाट फक्त अरुंद छिद्रांतून जाते. या दुसऱ्या प्रकारातला द्रव नायट्रोजन दाब-गुणोत्तर ०.४२च्या आसपास स्वतःच तुटून बुडबुड्यांनी फुटतो आणि फास तिथे झटकन मिटतो. हा द्रवाचा गुणधर्म, छिद्राचा नव्हे. पण रिकामे होतानाच्या रेषेवर बीजेएच लावले तर ३.८ नॅनोमीटरला एक टोकदार शिखर उगवते. अत्यंत भिन्न पदार्थांत एकाच जागी आढळणारे हे शिखर कितीतरी लेखांत खऱ्या छिद्रांच्या नावावर खपून गेले आहे. भरतानाच्या रेषेवर तेच गणित लावून पाहिले तर ते नाहीसे होते. ही पडताळणी पाच मिनिटांची असते.

मोठ्या छिद्रांसाठी पारा वापरतात. पारा बहुतेक पदार्थांना ओला करत नाही, म्हणून त्याला छिद्रात दाबून घालावे लागते. छिद्र जितके अरुंद तितका दाब जास्त. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ साली हे नाते मांडले. साध्या हवेच्या दाबाला पारा सुमारे १५ मायक्रोमीटरपर्यंतच्या छिद्रांत शिरतो, हवेच्या चार हजार पट दाबाला ३.७ नॅनोमीटरपर्यंत. झिओलाइटच्या स्वतःच्या छिद्रांपर्यंत तो कधीच पोचत नाही. पण कारखान्यात जाणारा उत्प्रेरक म्हणजे नुसते स्फटिक नव्हेत. माती आणि बंधक मिसळून त्याचे दाणे किंवा गोळ्या करतात, आणि स्फटिकांच्या मधल्या वाटा मोजायला पाराच लागतो. त्याची एक खोड लक्षात ठेवावी. तोंड अरुंद आणि पोट मोठे अशी दौतीच्या आकाराची पोकळी असेल, तर पारा तोंडाच्या मापाच्या दाबालाच आत शिरतो आणि सारे पोट त्या अरुंद मापाच्या खाती जमा होते.

इतरही साधने आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात छिद्रांच्या रांगा प्रत्यक्ष दिसतात, पण तोच किरण काही क्षणांत स्फटिकाची नासाडी करतो आणि दिसतो तो नमुन्याचा अतिसूक्ष्म कोपरा. झेनॉन वायू आत सोडून त्याच्या चुंबकीय अनुनादातला बदल पाहिला की पोकळी किती ऐसपैस आहे ते कळते. पॉझिट्रॉन सोडले तर त्यांच्या आयुष्यावरून बंदिस्त, कुठल्याही वायूला न पोचणाऱ्या पोकळ्यांचाही पत्ता लागतो.

आतापर्यंत भिंत स्थिर आहे असे धरले होते. धातू-सेंद्रिय जाळ्यांनी ते गृहीतकही मोडले. धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे कार्बनी दुवे यांच्या या स्फटिकांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतला झेडआयएफ-८ हा पदार्थ झिओलाइटसारख्याच सांगाड्याचा. क्ष-किरणांच्या हिशेबाने त्याचे दार ०.३४ नॅनोमीटरचे, तरी त्याहून बरेच मोठे रेणू आत जातात. दारातले कार्बनी दुवे झुलतात. नायट्रोजनचा दाब वाढत गेला की ते एकदम वळतात, आत जास्त जागा होते आणि वक्र एक पायरी चढतो. अशा वेळी मोजणारा वायूच मोजल्या जाणाऱ्या छिद्राला बदलतो.

आणि छिद्रातून रेणू किती वेगाने जातो हा प्रश्न उरतोच. उद्योगाला बहुधा त्याचेच उत्तर हवे असते. मोबिलच्या संशोधकांनी त्यासाठी अभिक्रियेलाच कसोटी केले. सरळ साखळीचे हेक्झेन आणि फाटा असलेले मेथिलपेंटेन यांचे सारखे मिश्रण उत्प्रेरकावरून सोडायचे आणि पहिले दुसऱ्याच्या किती पट वेगाने तुटते, हा निर्देशांक काढायचा. बारा चतुष्फलकांच्या मोठ्या दारांना हा निर्देशांक एकापेक्षा कमी येतो, दहाच्या दारांना १ ते १२, आठच्या दारांना त्याहून जास्त. पॉलिएस्टर आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी लागणारे पॅरा-झायलीन याच दहाच्या दारांच्या झेडएसएम-५ वर्गातून मोठ्या प्रमाणावर मिळवले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात झायलीनसाठी ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक विकसित केला, तोही याच कामासाठी. सडपातळ पॅरा-झायलीन वाटेतून झपाट्याने बाहेर पडते, त्याची रुंद भावंडे ऑर्थो आणि मेटा आतच रेंगाळतात आणि रेंगाळताना त्यांचेही पॅरात रूपांतर होत राहते. स्फटिकाच्या बाह्य पृष्ठभागावर सिलिकेचा पातळ थर चढवून दारे किंचित अरुंद केली की पॅराचे प्रमाण आणखी वाढते. असा नमुना क्ष-किरणांखाली ठेवला तर आधीसारखाच दिसतो, नायट्रोजनही जवळजवळ तेवढाच घेतो. ऑर्थो-झायलीनची वाफ सोडून तो ती किती सावकाश शोषतो हे मोजले, म्हणजे दारे बदलल्याचे कळते.